तालमूदमध्ये नेमकं कुठे?

‘तालमूदमध्ये असं म्हटलंय’ अशी सुरुवात असलेला मजकूर समोर आला की मी आधी त्याच्या शेवटाकडे नजर टाकतो. तिथे पत्ता असेल तर वर येऊन वाचतो, नसेल तर सोडून देतो. पत्ता म्हणजे फार मोठं काही नव्हे. ग्रंथाचं नाव, एक आकडा आणि आकड्याला चिकटलेलं एक अक्षर. उदाहरणार्थ, बावा मेत्सिया ५९ब. एवढं लिहिलं की जगातल्या कुठल्याही गावचा तालमूद जाणणारा माणूस तेच पान उघडतो. न्यूयॉर्कमध्ये छापलेली प्रत असो, जेरुसलेममधली असो, नाहीतर पणजोबांनी लिथुआनियातून आणलेली असो, पान तेच आणि त्यावरची ओळही तीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यूंच्या या पद्धतीत तर्कशास्त्र म्हणावं असं फारसं काही नाही. ती एका छापखान्यातल्या पानजुळणीतून आलेली आहे. तरीसुद्धा मोठ्या धर्मग्रंथासाठी इतकी पक्की, इतकी एकमताने पाळलेली पत्त्याची सोय मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही. आणि आपल्याकडे, मराठीत, तिची उणीव मला सारखी जाणवते. पण आपल्याकडे यायच्या आधी तालमूदच्या घरात थोडं फिरून येऊ.

तालमूद हे एक पुस्तक नव्हे. इसवी सन २००च्या आसपास रब्बी येहुदा हनासी यांनी तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांची मांडणी केली, ती मिश्ना. तिचे सहा विभाग आणि त्यांत मिळून ६३ ग्रंथ. या ग्रंथाला ‘मसेख्त’ म्हणतात. पुढे गॅलिलीतल्या आणि बाबिलोनमधल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या पाठशाळांत पिढ्यान् पिढ्या मिश्नेवर वाद झाले. त्या वादांचं टिपण म्हणजे गमारा. मिश्ना आणि गमारा मिळून तालमूद. पाठशाळांचे प्रदेश दोन, म्हणून तालमूदही दोन: धाकटा येरुशलमी आणि थोरला बवली. नुसतं ‘तालमूद’ म्हटलं की बहुधा बवलीच समजायचा. त्यातली गमारासुद्धा सगळ्या ६३ ग्रंथांवर नाही, ३७ ग्रंथांवरच आहे.

या मजकुराला ना विरामचिन्हं, ना स्वरचिन्हं. भाषा अर्धी हिब्रू, अर्धी अरामी. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ कोणती या प्रश्नावरून सुरू झालेली चर्चा पुरोहितांच्या जेवणावर जाते, तिथून रात्रीच्या प्रहरांवर, तिथून राजा दावीदच्या झोपेवर. आपल्या पुराणिकबुवांची सवय ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. ज्यू लोक तालमूदला समुद्र म्हणतात ते उगाच नव्हे. आता या समुद्रात एक वाक्य शोधायचं असेल तर शोधायचं कसं?

मिश्नेचं सोपं आहे. तिथे अध्याय आणि परिच्छेद. सान्हेद्रीन ४:५ म्हणजे सान्हेद्रीन ग्रंथ, चौथा अध्याय, पाचवी मिश्ना. बायबलसारखं किंवा गीतेसारखं. मधे विसर्गासारखे दोन टिंब दिसले की समजायचं, हा मिश्नेचा पत्ता.

बवलीचं वेगळं. तिथे पान मोजतात. ‘दफ’ म्हणजे पान, आणि ‘अमूद’ म्हणजे पानाची बाजू. आपल्या जुन्या पोथ्यांत जसं पत्र एक आणि बाजू दोन, पत्रांक मात्र एकच, अगदी तसं. पहिली बाजू अ, दुसरी ब. ५९ब म्हणजे एकोणसाठाव्या पानाची पाठ. हिब्रूत आकडेही अक्षरांनीच लिहितात, आणि पाठपोट दाखवायला त्यांची युक्ती फार सुबक आहे. पानाच्या अक्षरांपुढे एक टिंब दिलं की पहिली बाजू, उभी दोन टिंबं दिली की दुसरी. गिचमिड टिपांच्या समासात याहून कमी जागा खाणारी खूण सापडायची नाही.

अक्षरांनी आकडे लिहिण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही, कटपयादी पद्धत आपल्या पंडितांनी वापरलेलीच आहे. पण तालमूदचं पंधरावं पान लिहिताना एक गंमत होते. दहा अधिक पाच अशी अक्षरं जोडली तर ईश्वराच्या नावाचा भाग तयार होतो. म्हणून तिथे नऊ अधिक सहा लिहितात. पानाचा क्रमांक टाकतानाही देवाचं नाव सहज उच्चारायचं नाही, हा सोवळेपणा.

नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकणारी बाब म्हणजे बवलीचा कुठलाही ग्रंथ पान २ पासून सुरू होतो. पान १ नाहीच. कारण अगदी गद्य आहे: नावाचं पान पहिलं मोजलं गेलं. पण भाविकांनी त्याला अर्थ दिलाच. कितीही शिकलास तरी पहिलं पान अजून तुझ्या हाती लागलेलं नाही, हे लक्षात राहावं म्हणून म्हणे ते वगळलंय. मला ही उपपत्ती आवडते, खरी नसली तरी. आणि नियमाला अपवादही आहे. तामीद नावाचा छोटा ग्रंथ चक्क २५ब पासून सुरू होतो. तो मेइला आणि किन्नीम या दोन छोट्या ग्रंथांच्या मागोमाग एकाच जुडग्यात छापला गेला आणि पानांचे आकडे तसेच पुढे चालत राहिले. पुढच्या काळात कोणी ते ‘दुरुस्त’ करायला गेलं नाही. दुरुस्त केलं असतं तर तोवरच्या सगळ्या टीकांतले पत्ते चुकले असते.

छपाईच्या आधी काय करत होते? तेव्हा अध्यायाच्या पहिल्या शब्दांनी अध्याय ओळखायचे. बावा मेत्सियाचा दुसरा अध्याय हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंविषयी आहे, त्याची सुरुवातच ‘एलू मेत्सिओत’ अशी, म्हणून त्याचं नाव एलू मेत्सिओत. अकराव्या शतकातला फ्रान्समधला थोर टीकाकार राशी (१०४० ते ११०५) दुसरीकडचा दाखला द्यायचा तर अमुक अध्यायात पाहा, एवढंच सांगतो. कुठल्या ओळीत, हे तुमच्या स्मरणशक्तीवर. आपल्या गोव्यातल्या जमिनींचं पूर्वी असंच होतं. प्रत्येक भाटाला, प्रत्येक शेताला नाव होतं, आणि गावातल्या माणसाला नाव सांगितलं की पुरे. मग सर्वे नंबर आले. नाव फक्त गावकऱ्याला कळायचं, नंबर मामलेदार कचेरीतल्या परक्यालाही कळतो. दोन्हींत काहीतरी हाती लागतं आणि काहीतरी सुटतं.

नावाची बाजू घेणाऱ्यांसाठी एक पुरावा देतो. सान्हेद्रीनमध्ये ‘हेलेक’ नावाचा प्रसिद्ध अध्याय आहे, परलोकाबद्दलचा. मिश्नेच्या प्रतींत तो दहावा आहे आणि बवलीत अकरावा, कारण शेवटच्या दोन अध्यायांचा क्रम तिथे उलटा लागतो. अध्यायाचा क्रमांक दिला तर दोन माणसं दोन ठिकाणी पोचतील. ‘हेलेक’ म्हटलं तर एकाच. पारंपरिक पाठशाळांत अध्यायांची नावं अजून तोंडावर असतात, आणि ती तशी राहावीत असं मला वाटतं.

आता मुख्य पात्र. दानिएल बोंबेर्ग हा अँटवर्पचा ख्रिस्ती व्यापारी व्हेनिसमध्ये येऊन हिब्रू पुस्तकं छापू लागला. सुटे ग्रंथ त्याच्या आधी, १४८०च्या दशकात, सोन्सिनो घराण्याने छापले होते. मधे गमारा, एका कडेला राशीची टीका, दुसऱ्या कडेला त्याच्या नातवंडांच्या आणि शिष्यशाखेच्या टिपा, म्हणजे तोसाफोत, ही मांडणी त्यांचीच. पण संपूर्ण बवली तालमूद पहिल्यांदा छापला तो बोंबेर्गने, १५२० ते १५२३च्या सुमारास, पोप लिओ दहावा याच्या संमतीने आणि ज्यू पंडित हाताशी घेऊन. त्या आवृत्तीत जे वाक्य ज्या पानावर पडलं ते कायमचं तिथेच राहिलं. त्या आवृत्तीचा एक संच २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात नव्वद लाख डॉलरच्या वर गेला. कागदाची किंमत म्हणून ते वेड वाटेल, पण जगातल्या सगळ्या तालमूदांचे पत्ते ज्या पानांवरून निघाले ती पानं आहेत ती.

म्हणजे पाहा, ज्यूंच्या सर्वात आतल्या ग्रंथाचे घरनंबर लावले एका ख्रिस्ती छापखानेवाल्याने. बायबलच्या बाबतीतही तेच. बायबलचे अध्याय पाडले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टीफन लँग्टन या पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या पंडिताने. पंधराव्या शतकात इसाक नाथान या दक्षिण फ्रान्समधल्या ज्यू विद्वानाने हिब्रू बायबलची शब्दसूची केली तेव्हा त्याने हे ख्रिस्ती अध्याय उचलले, आणि कारणही लपवलं नाही. ख्रिस्ती पंडितांशी जाहीर वाद घालावे लागत, ते अध्यायाचा आकडा फेकत, आणि उत्तर द्यायला तोच आकडा आपल्याही हाती हवा होता. त्याची सूची पुढे छापली तीही बोंबेर्गनेच. आपल्या लोकांना ‘परक्याने लावलेला क्रम आम्ही का पाळावा’ असा प्रश्न लगेच पडला असता. त्यांना पडला नाही असं नाही, पण ते उपयोगाला महत्त्व देऊन पुढे गेले.

पान पक्कं झालं आणि त्याभोवती दुसरं जग उभं राहिलं. सोळाव्या शतकातच इटलीतल्या योशुआ बोआझ याने समासात तीन प्रकारचे निर्देश जोडले: हा मजकूर तालमूदमध्ये आणखी कुठे आलाय, यातलं बायबलवचन कुठलं, आणि यावरून निघालेला नियम रम्बाम वगैरेंच्या धर्मशास्त्रात कुठे नोंदलाय. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एका पानाच्या कडेवरून तीन दिशांना रस्ते काढून ठेवले त्याने! आज आपण संगणकावर निळ्या अक्षरांवर टिचकी मारतो आणि केवढा शोध लागला असं समजतो. पुढे १८८० ते १८८६ या काळात विल्ना शहरात रोम घराण्याच्या विधवेने आणि तिच्या दिरांनी जी आवृत्ती छापली तिच्यात ही सगळी मांडणी शिगेला पोचली. आजचं तालमूदचं पान म्हणजे विल्नाचं पान.

या पानाचा हिब्रू मनावर किती ठसा आहे याचा नमुना १९१७ साली जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलाय. पोलंडकडच्या काही पाठकांची परीक्षा अशी घेत: तालमूदच्या एका पानावरच्या एखाद्या शब्दात टाचणी टोचायची, आणि ती पलीकडच्या अमुक पानावर कुठल्या शब्दातून बाहेर पडेल ते पाठकाने सांगायचं. ते सांगत. आपले घनपाठी शब्दांचा क्रम उलटसुलट करून म्हणतात, ती कानाची स्मृती. ही डोळ्याची. अर्थ समजणं हा तिसराच मामला, आणि स्ट्रॅटननेही यातले लोक पंडित म्हणून गाजले नाहीत असं म्हटलंय. असो.

असल्या पानाला हात लावला की लोक चिडणारच. अदीन स्टाइनझाल्त्स यांनी १९६५ पासून २०१० पर्यंत खपून संपूर्ण बवलीला स्वरचिन्हं, विरामचिन्हं आणि आधुनिक हिब्रू विवरण दिलं. काम डोंगराएवढं. पण त्यांनी सुरुवातीला पानाची जुनी रचना बदलली म्हणून सनातनी मंडळींनी त्यांच्यावर टीका केली. पुढे जुन्या पानाची रचना राखणारी आवृत्तीही त्यांच्याकडून आली. या भांडणात लोक सहसा स्टाइनझाल्त्सच्या बाजूने बोलतात, सुधारक विरुद्ध कर्मठ असा तो सोपा हिशेब असतो. मला टीकाकारांचंही थोडं पटतं. ज्या पानाचा नकाशा लाखो लोकांच्या डोक्यात आहे तो नवशिक्याच्या सोयीसाठी हलवायचा म्हणजे जुन्या माणसांना आपल्याच गावात वाट चुकायला लावायचं. इंग्रजी भाषांतराच्या एका मोठ्या, ७३ खंडांच्या प्रकल्पात याच्यावर तोडगा निघाला. तिथे हिब्रू पान जसंच्या तसं ठेवलं आणि समोरचं इंग्रजी संपेपर्यंत तेच पान पुन्हा पुन्हा छापलं. कागद वाया, पण नकाशा शाबूत.

आता या सगळ्यात पणाला काय लागलं होतं, ते सांगायला हवं. नाहीतर हा नुसता ग्रंथपालांचा छंद वाटेल.

१२४२ साली पॅरिसमध्ये गाड्या भरभरून तालमूदच्या पोथ्या जाळल्या. ९ सप्टेंबर १५५३ रोजी रोमच्या काम्पो दे फियोरी चौकात पुन्हा जाळल्या, आणि त्याच वर्षी व्हेनिसमध्ये, जिथे बोंबेर्गने छापल्या होत्या तिथेच. आपल्यासाठी हे सालं ओळखीची आहेत. तीन वर्षांनी, १५५६त, छपाईचं यंत्र गोव्यात उतरलं. आणखी चार वर्षांनी इन्क्विझिशन आलं. गार्सिया द ऑर्ताचा औषधींवरचा ग्रंथ १५६३त गोव्यातच छापला गेला, आणि नव-ख्रिस्ती घराण्यातल्या या माणसाची हाडं त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८०त, उकरून जाळण्यात आली. पणजीतल्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे, तिथून जाताना मला पुष्कळदा वाटतं की रोमचा तो चौक आणि आपलं हे शहर त्या काळी एकाच हुकमाच्या टापूत होते. गोव्यात किती मराठी पोथ्या गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तालमूदचा ठेवता आला. १५७८ ते १५८१ मध्ये बाझेलला छापलेल्या कापाकापीच्या आवृत्तीतून आवोदा झारा हा अख्खा ग्रंथ गाळला होता, इतर ठिकाणी ओळी उडवल्या होत्या. पण मूळ पानं ठरलेली होती. त्यामुळे कुठल्या पानावरून काय काढलं याच्या छोट्या याद्या पुढे निघाल्या, आणि पाठक त्या तालमूदच्या बाजूला ठेवून वाचू लागले. भोक कुठे पडलंय ते नंबरामुळे कळत होतं.

जाळण्यापेक्षा खोटं उद्धृत करणं स्वस्त पडतं. १८७१ साली आउगुस्ट रोलिंग या जर्मन कॅथलिक प्राध्यापकाने ‘तालमूद-ज्यू’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. तालमूद ज्यूंना काय काय भयंकर शिकवतो याची ती जंत्री. मालमसाला बराचसा आयझेनमेंगर नावाच्या जुन्या ग्रंथकाराकडून, १७०० सालच्या पुस्तकातून उचललेला. पुस्तक तुफान खपलं. व्हिएन्नाचे रब्बी योझेफ झामुएल ब्लॉख यांनी जाहीरपणे सांगितलं की या गृहस्थाला तालमूदचं कुठलंही पान वाचता येत नाही, आणि वाचून भाषांतर करून दाखवलं तर बक्षीस देऊ. रोलिंगने अब्रूनुकसानीचा दावा लावला. दोन्ही बाजूंनी तयारी झाली, तज्ज्ञ नेमले गेले, आणि १८८५ साली खटला उभा राहण्याच्या तोंडावर रोलिंगने दावा मागे घेतला. पान उघडायची वेळ आली आणि तो निघून गेला.

आजही यातलीच खोटी वचनं फिरतात. ‘लिब्रे दावीद ३७’ असा एक पत्ता त्यांत हमखास असतो. या नावाचा ग्रंथ तालमूदमध्ये नाही, तालमूदबाहेरही नाही. अ नाही, ब नाही, हे पाहूनच कळायला हवं. पण त्यासाठी खरा पत्ता कसा दिसतो ते आधी ठाऊक हवं. माझ्या मते धर्मग्रंथांवर मतं देणाऱ्या प्रत्येकाला, श्रद्ध असो की अश्रद्ध, एवढी किमान साक्षरता हवी.

अर्थात खरा पत्ता देऊनही दिशाभूल करता येते. आयझेनमेंगरने पुष्कळ पत्ते बरोबर दिले होते. तालमूद हा वादांचा ग्रंथ आहे, त्यात हरलेली बाजूही जपून लिहिलेली असते. वर मी बावा मेत्सिया ५९ब म्हटलं. तिथे एका भट्टीच्या शुद्धतेवरून वाद आहे. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझरांसाठी झाड उखडून जातं, ओढा उलटा वाहतो, भिंती कलतात, शेवटी आकाशवाणीही होते की एलिएझरांचंच बरोबर. तरी रब्बी येहोशुआ उभे राहून म्हणतात की धर्मनिर्णय आता आकाशात होत नाही, बहुमत पाळायचं. यातलं एक वाक्य तोडून ‘तालमूद म्हणतो’ असं कोणी लिहिलं तर पत्ता बरोबर आणि सांगणं खोटं. वरच्या पाच आणि खालच्या दहा ओळी वाचल्याशिवाय पत्ता निम्माच कामाचा.

आणि पान पक्कं म्हणजे शब्द पक्का असंही नाही. सान्हेद्रीन ३७अ वर एक जीव वाचवणाऱ्याने जणू सगळं जग वाचवलं अशा आशयाचं सुप्रसिद्ध वचन आहे. कुराणातही (५:३२) त्याचा पडसाद आहे. छापील तालमूदमध्ये तो जीव ‘इस्रायलचा’ असा शब्द येतो, काही जुन्या हस्तलिखितांत तो शब्दच नाही. एका शब्दाने केवढा फरक! बवलीचं जवळपास संपूर्ण असं हस्तलिखित एकच उरलंय, १३४२ सालचं, म्युनिकच्या ग्रंथालयात. बोंबेर्गने पान ठरवलं ते सोयीसाठी. पाठ कुठला खरा, याचा निकाल त्याने दिलेला नाही. पण वाद घालायलाही आधी त्याच ३७अ वर जमावं लागतं.

हे एकमत झालं नसतं तर काय झालं असतं ते पाहायचं असेल तर येरुशलमी उघडा. तोही बोंबेर्गनेच १५२३-२४त छापला, पानाच्या प्रत्येक बाजूला दोन रकाने, म्हणजे एका पानाला चार. म्हणून तिथे अ, ब, क, ड. पण येरुशलमी कमी वाचला जायचा, पुढच्या आवृत्त्यांनी आपापली पानं पाडली, अध्यायांतल्या परिच्छेदांचे आकडेही आवृत्तीगणिक सरकले. आता अभ्यासक अध्याय, परिच्छेद आणि व्हेनिसचं पान-रकाना असा तिपेडी पत्ता देतात. त्याचा झटका एकदा थोरल्या तालमूदलाही बसला. १९२३ साली व्हिएन्नाच्या परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलं की जगभरच्या ज्यूंनी रोज तेच एक पान वाचावं. त्याला दफ योमी म्हणतात. सुरुवातीच्या सात फेऱ्यांत पानांची गणती २७०२ होती, १९७५ला आठवी फेरी सुरू झाली तेव्हापासून २७११. बवलीत पानं वाढली कशी? शेकालीम या ग्रंथावर बवली गमारा नाही, तिथे येरुशलमीची घेतात, आणि तिची वेगळी, जास्त पानांची आवृत्ती गणतीला धरली. चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, तिचं शेवटचं पान ७ जून २०२७ ला येतं. साडेसात वर्षांनंतरची तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण पानं मोजलेली आहेत.

आपल्या भाषेशी या गोष्टीचा एक धागा आहे, आणि तो सुखाचा नाही. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल, आपले शनवार तेली, घरात मराठी बोलणारे. शब्बाथ, सुंता, शेमा ही प्रार्थना त्यांनी शतकानुशतकं सांभाळली, पण तालमूद त्यांच्याकडे नव्हता. ही मंडळी इस्रायलला गेल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका काढल्या आणि आईकडच्या पिढ्या तपासायला सांगितलं. कारण घटस्फोट आणि दिराशी विवाह यांविषयीचे नियम यांच्या पूर्वजांनी पाळले होते का? हे नियम येवामोत, गिटीन, किदुशीन या ग्रंथांतले. ज्या ग्रंथाचं पान कोकणात कधी उलटलं गेलं नव्हतं त्याच्यावरून नागावच्या नि रेवदंड्याच्या लेकीसुनांची परीक्षा! लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केल्यावर ते प्रकरण निवळलं. पत्ता फक्त एका बाजूच्या हाती असला की काय होतं त्याचं मला याहून बोचरं उदाहरण ठाऊक नाही.

आणि आपण? ज्ञानेश्वरीचं बरं आहे, अध्याय आणि ओवी सांगता येते, जरी प्रतीप्रतीला ओव्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचं तर उत्तम. १६१६ साली गोव्यात छापलेल्या त्या आवृत्तीची एकही प्रत उरलेली नाही, तरी पुराण, अवस्वर आणि ओवी सांगितली की रोमी, कानडी की देवनागरी, कुठल्याही प्रतीत जागा सापडते. रडगाणं आहे ते तुकोबांचं. इंदुप्रकाशची १८६९-७३ची गाथा, तिच्यावरून निघालेली सरकारी, जोगमहाराजांची, देहूची, पंढरीची, प्रत्येकीत त्याच अभंगाला निराळा आकडा. मग कीर्तनात, अग्रलेखात, निवडणुकीच्या सभेत ‘तुका म्हणे’ लावून कोणीही काहीही खपवतो, आणि दाखवा म्हटलं तर कुठल्या गाथेत दाखवायचं हाच वाद. सगळ्यात शुद्ध गाथा कुठली हे ठरेपर्यंत थांबायचं कारण नाही. बोंबेर्गची पानं शुद्ध होती म्हणून टिकली नाहीत. कुठलीही एक गाथा धरा, सरकारी धरा हवी तर, तिचे आकडे गोठवा आणि बाकी सगळ्यांनी आपल्या आकड्याशेजारी कंसात तो छापा. शाळेच्या पुस्तकापासून सुरुवात केली तर खर्च शाईचा.